हायवेला ८० नं चालवणं १०० पेक्षा धोक्याचं असतं का? (नवीन ड्रायव्हर, कोल्हापूर ते पुणे)

शिकाऊ_०९

नमस्कार मंडळी, जरा मार्गदर्शन पाहिजे. लायसन्स पक्कं होऊन थोडेच महिने झालेत. गाडी रोज चालवते पण राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी एवढंच, त्यात उजळाईवाडीपासून पुढं काय तो हायवे, आणि तिथंही निम्म्या वेळा मी सर्व्हिस रोडच धरते कारण मेन रोडला ट्रक शेजारनं गेला की गाडी हलल्यासारखी वाटते. आता पुढच्या महिन्यात पुण्यात ताईचं डोहाळजेवण आहे (वारज्याला राहते ती) आणि आई-पप्पांनी ठरवूनच टाकलंय की आपलीच गाडी घेऊन जायचं. पप्पा स्कूटरच्या पलीकडं काही चालवत नाहीत, म्हणजे चालवणार मीच.

तर दाजी फोनवर म्हणाले की हायवेला ८० नं अजिबात चालवू नको, मागनं कोणतरी येऊन ठोकेल, सगळे १०० नं जातात तू पण १०० धर, हळू चालवणारेच अपघात करतात. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते काटा ६० च्या वर जाऊच देऊ नको. आणि गाडी स्वतःच ८० ला टुंग टुंग करायला लागते, त्यामुळं मला वाटलं ८० हीच लिमिट असणार, तर दाजी म्हणे ते टुंग टुंग बंद करून देणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे.

नेमकं कुणाचं ऐकू? नवीन माणसाला किती स्पीड बरा? "सांभाळून चालव" सोडून कायतरी सांगा, ते घरात रोज ऐकते.

नाद_एकच

दाजी बरोबर सांगालेत. चार पदरी हायवेला कारला लिमिटच १०० हाय, मग ८० नं जाऊन मागच्याची वाट कशाला अडवायची? मी पहाटे निघतो आणि पुण्यात नाष्ट्याला असतो. गाडीवर कंट्रोल पाहिजे बास, स्पीडनं काय होत नसतंय. ६० वाल्या मैत्रिणीला म्हणावं एसटीनं जा.

गणितातला_ढ

लिमिटचं नाद_एकच यांचं बरोबर आहे. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत मधे दुभाजक असलेल्या चार पदरी रस्त्याला कारसाठी कमाल १०० आहे, एक्सप्रेसवेला १२०, बाकी रस्त्यांना ७०. पण ही कमाल आहे, आणि जिथं बोर्ड लावलाय तिथं बोर्डवरचा आकडा चालतो. ते टुंग टुंग म्हणजे लिमिट नाही, १ जुलै २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारना ते सक्तीचं आहे, ८० च्या वर अधूनमधून वाजतं आणि १२० च्या वर गेलं की थांबतच नाही. काढायचं कशाला, नवीन माणसाला त्याचा उपयोगच आहे, काट्याकडं बघायला रस्त्यावरनं नजर काढावी लागत नाही.

आता "स्पीडनं काय होत नसतंय" बद्दल. पुढं काहीतरी दिसलं, डोक्यात आलं, पाय उचलून ब्रेकवर पडला, एवढ्याला साधारण दीड सेकंद जातो. रस्ता कोरडा, टायर चांगले धरू. ६० ला त्या दीड सेकंदात २५ मीटर जातात आणि ब्रेक लागून थांबायला आणखी २०, झाले ४५. ८० ला ३३ आणि ३६ म्हणजे ६९ मीटर. १०० ला ४२ आणि ५६, म्हणजे ९८.

लोक म्हणतात ६९ आणि ९८, तीस मीटरचाच फरक की. तसं नाही ते. दोन गाड्या शेजारी शेजारी आहेत, एक ८० ला एक १०० ला, आणि दोघांना एकाच क्षणी पुढं आडवा झालेला टेम्पो दिसला असं समजा. ८० वाली टेम्पोला टेकायच्या आधी जेमतेम थांबली. त्याच जागेवर १०० वाली गाडी अजून ताशी ७० च्या वर असते. २० नं नाही, सत्तरनं आदळते. मी हे पहिल्यांदा वहीवर मांडलं तेव्हा परत परत तपासलं, पण तेच येतंय, कारण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं आणि शेवटच्या काही मीटरमधेच बहुतेक वेग उतरतो, सुरुवातीचा दीड सेकंद तर ब्रेक लागलेलाच नसतो.

"हळू चालवणारेच अपघात करतात" हे पण हवेतनं आलेलं नाही. अमेरिकेत १९६४ साली डेव्हिड सॉलोमन यांचा एक अहवाल आला, त्यात निघालं की जे सरासरीपेक्षा खूप हळू किंवा खूप जोरात जातात ते जास्त अपघातात सापडतात, त्याचा तो यू आकाराचा आलेख आजपण लोक फिरवतात. पण नंतर लोकांनी खोलात बघितलं तर त्या हळू गाड्यांमधे वळणाऱ्या, रस्त्याला लागणाऱ्या, थांबत आलेल्या गाड्या बऱ्याच होत्या, म्हणजे त्या हळू होत्या कारण काहीतरी करत होत्या. पुढं ॲडलेड विद्यापीठाच्या लोकांनी ऑस्ट्रेलियात अपघातातल्या गाड्यांचा वेग आधी किती होता हे काढून बघितलं, तर गावातल्या ६० च्या रस्त्यावर ६० च्या वर दर ५ किमीला जखमी होण्याएवढ्या अपघाताची जोखीम जवळपास दुप्पट होत गेलेली आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर सरासरीपेक्षा हळू जाणाऱ्यांची जोखीम काय वाढलेली दिसली नाही. डब्ल्यूएचओ पण सांगतं, रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्यानं वाढला की जीव जाणाऱ्या अपघातांची जोखीम ४ टक्क्यांनी वाढते.

आपल्याकडचं बघायचं तर रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू ओव्हरस्पीडिंगच्या रकान्यात आहेत. आता हा रकाना पोलीस भरतात, नक्की काय झालं कळलं नाही की "भरधाव वेगात" लिहायची पद्धत आहे, त्यामुळं ते ७१ मी अगदी शब्दशः धरणार नाही. वरचं ब्रेकचं गणित मात्र धरतो.

नाद_एकच

गणित वहीत ठीक हाय भावा. रस्त्यावर टेम्पो रोज आडवा होतोय होय? आणि आता गाड्यांना सहा सहा एअरबॅग हैत, फाईव्ह स्टार रेटिंग हाय, ते काय शोभेला दिलंय?

गणितातला_ढ

रेटिंगची समोरून धडकवायची टेस्ट ताशी ६४ किमीला करतात, भारत एनकॅप असू दे नाहीतर ग्लोबल. १०० ला आदळताना त्या टेस्टच्या जवळपास अडीचपट ऊर्जा असते. पाच स्टार ६४ चे आहेत, १०० चे नाहीत. आणि एअरबॅग बेल्ट लावलाय असं धरूनच बनवलेली असते.

शिकाऊ_०९

धन्यवाद, ते ७० नं आदळण्याचं वाचून तर घामच फुटला. पण मग ६० नं जाऊ का? मला भीती मागच्यांची वाटते हो. कागलकडं एकदा मी पासष्टनं चालले होते तर मागनं एक गाडी एवढी जवळ आली की आरशात तिची नंबर प्लेटच दिसेना, वर सारखा डिप्पर मारत होता. मी घाबरून स्पीड वाढवला.

डबल_ब्रेक

ताई, मी गावात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, बाजूच्या सीटवर बसून आयुष्य गेलंय तेव्हा जरा लांबण लावतो, ऐका.

किती स्पीड हा प्रश्न नंतरचा. तुम्हाला रस्ता किती लांबपर्यंत वाचता येतो हा पहिला. नवीन माणूस बॉनेटच्या पुढचा तुकडा बघत चालवतो, गावात ते खपतं कारण तिथं सगळं जवळच घडतंय. १९७२ साली अमेरिकेत नवख्यांच्या आणि मुरलेल्या ड्रायव्हरांच्या डोळ्यांची हालचाल मोजलेली, त्यात पण हेच निघालं, नवखे गाडीच्या जवळ बघतात आणि आरशात कमी बघतात. आमच्या धंद्यात हे सांगायला मशीन लागत नाही, पोरगं मान कशी धरतंय त्यावरनं कळतं. तर हायवेला नजर पुढं टाकायची, दहा-बारा सेकंदांनी आपण जिथं असणार आहे तिथं. ८० ला ते अडीचशे मीटरच्या आसपास येतं. तिथं कुणाचा ब्रेक लाईट लागला, कुठला ट्रक लेन सोडायला लागलाय, दुभाजकाच्या फटीत कोण बाईक घेऊन उभा आहे, हे तुम्हाला आधी दिसलं की ब्रेक मारायची वेळच येत नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडला की भागतं. ज्याला एवढं लांबचं वाचायची सवय झालेली नाही त्याला १०० धर म्हणून सांगणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला पंचगंगेच्या पुरात ढकलण्यासारखं आहे. दाजींना राग येऊ नये.

म्हणून माझं मत, पहिले काही महिने ७० ते ८० च्या मधे. ६० पण चालेल, पण ६० नं उजव्या लेनला गेलात तर मी पण तुम्हाला शिव्या घालीन. नाद_एकच यांचं तेवढं खरं आहे. हळू जाण्याचा धोका स्पीडमधे नसतो, लेनमधे असतो. डावी लेन धरा, ओव्हरटेक करायचं तेवढ्यापुरतं उजवीकडं या, आणि परत डावीकडं. आता आपल्याकडची गंमत अशी की उजव्या लेनला ४० नं ट्रक चाललेला असतो आणि डाव्या लेनला कोणतरी बंद पडलेला टेम्पो लावून खाली झोपलेला असतो, शिवाय राँग साईडनं येणारे बाईकवाले, शिरोली आणि गोकुळ शिरगावला शिफ्ट सुटायच्या टायमाला तर विचारू नका. त्यामुळं डावी लेन म्हणजे आराम असं समजू नका, तिथं लांबचं बघणं आणखी जास्त लागतं.

ट्रक उजव्या लेनमधनं हलेना तर घाई नको. डिप्पर द्या, हॉर्न द्या, जरा थांबा. डावीकडनं काढायचीच वेळ आली तर ट्रकच्या बरोबरीनं रेंगाळायचं नाही, कारण ट्रकच्या ड्रायव्हरला त्याच्या डाव्या बाजूचं फार कमी दिसतं आणि तो कधी डावीकडं येईल त्याचं त्यालाच माहीत. आधी बघा पुढं मोकळं आहे का, मग एकदम निघून जा.

पुढच्या गाडीपासून तीन सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला सुरू करा, तीनच्या आत तुम्ही तिथं पोचलात तर जवळ आहात. पाऊस असेल तर पाच-सहा. तुमच्या पुढं मोकळी जागा दिसली की तिथं कोणतरी घुसणार, घुसू दे, परत मागं व्हा.

मागनं चिकटणाऱ्याचं सोपं आहे. तो चिकटला म्हणून स्पीड वाढवायचा नाही, वाढवला की तो तेवढाच चिकटून राहतो आणि आता तुम्ही दोघं जोरात असता. डावा इंडिकेटर द्या, हळूहळू बाजूला व्हा, जाऊ दे त्याला. तुम्ही आधीच डाव्या लेनला असाल तर काहीच करायचं नाही, जाईल तो वैतागून.

अजून एक, हे कुणी शिकवत नाही. कुत्रं आडवं आलं तर स्टेअरिंग ओढायचं नाही. ८०-१०० ला स्टेअरिंग बोटभर हललं तरी गाडी लेन बदलते, आणि नवखा माणूस घाबरून एकदा इकडं ओढतो, मग गाडी जास्त वळली म्हणून तिकडं ओढतो, दुसऱ्या ओढण्यातच गाडी दुभाजकावर चढते. सरळ रेषेत जोरात ब्रेक. एप्रिल २०१९ नंतरच्या सगळ्या नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आहे, पूर्ण दाबलं की पेडल पायाखाली थरथरतं आणि आवाज येतो, बरेच जण त्यालाच घाबरून पाय उचलतात. उचलायचा नाही. सकाळी मोकळा रस्ता बघून, मागं कोणी नाही याची खात्री करून ४० ला एकदा पूर्ण ब्रेक दाबून बघा, पायाला कळू दे ते थरथरणं काय असतं.

आणि पुण्याला जायच्या आधी कागलपर्यंत जाऊन या, कुणीतरी मुरलेला माणूस शेजारी घेऊन. कोगनोळीच्या अलीकडंच वळलात तर टोल पण लागत नाही.

ऊसकरी

पुढच्या महिन्यात जाणार म्हणजे उसाचा हंगाम चालू असणार ताई. आमच्या ट्रॅक्टरचं मीच सांगतो. डबल ट्रॉली, स्पीड वीसच्या आसपास, मागं मोळ्यांची टोकं लोंबत असतात त्यात लाईट आणि रिफ्लेक्टर सगळंच झाकून जातंय. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायची मोहीम होते, फोटो निघतात, पंधरवड्यात चिखलानं भरून जातात. ड्रायव्हरला मागचं काय दिसत नाही आणि गाण्याच्या आवाजात तुमचा हॉर्न ऐकू येत नाही. खोटं कशाला सांगू. रात्री अजिबात निघू नका.

गणितातला_ढ

ऊसकरी यांनी लाखातलं सांगितलं. लो बीमवर (हेडलाईटचा खाली पडणारा उजेड) न चमकणारी वस्तू साधारण ५०-६० मीटरला दिसते. वरचे आकडे बघा, ७० ला थांबायला जवळपास ५७ मीटर लागतात. म्हणजे रात्री समोरनं गाड्या येतायत, तुम्ही लो बीमवर आहात आणि काटा ७० च्या वर गेला, की दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, मग ड्रायव्हर नवा असू दे नाहीतर वीस वर्षांचा. तुम्ही १०० ला आणि ट्रॅक्टर २० ला असेल तर दर सेकंदाला २२ मीटरनं तुम्ही त्याच्यावर जाताय.

लालपरी_निवृत्त

पोरी, मी एसटीत ड्रायव्हर होतो, पुणे लाईन लई केली. आमच्या गाडीला स्पीडचं लॉक होतं त्यामुळं शंभर-बिंभर आम्हाला माहीतच नाही, तरी पॅसेंजर पोचत होतेच की. मी तुला रस्ता सांगतो, आकडे ही शिकलेली पोरं सांगतील.

तावडे हॉटेलपासनं निघालीस की सातारपर्यंत सहा पदरीचं काम कुठं ना कुठं निघालेलंच असतंय. डायव्हर्जनचा बोर्ड एकदम समोर येतोय, चांगला गुळगुळीत रस्ता असताना अचानक सिमेंटचे कठडे, खाली खडी, आणि दोन लेनची एक होते. शंभरनं आलेला तिथं घोटाळा करतो. पिवळा-काळा पट्टा दिसला की पन्नास. कराडजवळ मलकापूरला गर्दी असणारच, कावायचं नाही. थंडीत पहाटे पंचगंगेच्या आणि वारणेच्या पुलावर धुकं असतंय, म्हणून ते पहाटे निघून नाष्ट्याला पुण्यात वगैरे तुझ्यासाठी नाही. ऊन पडल्यावर निघ.

खंबाटकीत जुन्या बोगद्यातनं गेलीस तर बोगद्यातनं भाईर पडल्या पडल्या उतार आणि एस आकाराचं वळण आहे. उजेडात एकदम डोळे दिपतात आणि गाडी आपोआप पळायला लागते. बोगद्यातच स्पीड मोडून घ्यायचा, वळणात गेल्यावर ब्रेक मारत बसायचं नाही.

खरं भ्या तुझं वारज्याचं हाय. कात्रजचा नवीन बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार. काही ट्रकवाले डिझेल वाचवायला तिथं न्यूट्रल करतात, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि खाली येईपर्यंत लागायचे बंद. तिथं किती माणसं गेलीत ते पेपरात वाचलं असशील. तू तिसऱ्या गिअरला उतर, इंजिनच गाडी धरून ठेवतंय. न्यूट्रल करायचं नाही, क्लच दाबून ठेवायचा नाही. भरलेला ट्रक तुझ्या मागं लागला असेल तर त्याच्या पुढं राहू नको, बाजूला होऊन त्याला जाऊ दे. आणि फोन आला, ताईला लोकेशन पाठवायचंय म्हणून त्या उताराला कडेला थांबायचं तर बिलकूलच नाही. लोकेशन खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडंच कुठं हॉटेलात थांबून बघून घे.

जेवण हलकं कर. तांबडा-पांढरा हाणून दुपारी दोनला स्टेअरिंगवर बसलेल्यांची गाडी मी शेतात गेलेली बघितलीय.

पुणे_अपडाऊन

काका, नवले पुलाचं अगदी बरोबर. मी कामासाठी हा रोड सारखा करते, दोन गोष्टी जोडते.

ताई, गाडीतल्या माणसांचा दबाव हा मोठा प्रकार असतो. "तो बघ कसा गेला", "काढ की आता पुढं", "असं किती वाजता पोचायचं". निघायच्या आधीच सांगून टाक की स्पीडवर कुणी बोलायचं नाही. आणि वेळेचं म्हणशील तर कोल्हापूर-पुणे साधारण २३० किमी, ८० आणि १०० मधला फरक कागदावर पस्तीस मिनिटं निघतो, पण किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार टोलनाके, मधली कामं आणि कराड धरलं तर तेवढा कधीच पडत नाही. मला उडवत गेलेली गाडी पुढच्या टोलनाक्यावर माझ्या दोन गाड्या पुढं उभी असते, नेहमीचं आहे हे.

गाडी बंद पडली तर पार्किंग लाईट लावून आत बसून राहायचं नाही. सगळ्यांनी उतरून कठड्याच्या पलीकडं जायचं, त्रिकोण बराच मागं ठेवायचा आणि १०३३ ला फोन करायचा, हायवेची हेल्पलाईन आहे ती. अपघात झाला असेल तर ११२ किंवा १०८.

निघायच्या आदल्या दिवशी हवा चेक कर, टायर थंड असताना, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यात लिहिलंय तेवढी. "हायवेला जाताय तर चार पॉइंट कमी ठेवा, टायर फुटत नाही" असं पंपावरचा पोरगा सांगेल, ऐकू नको. कमी हवेनं टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि तापूनच फुटतो.

नाद_एकच

बरं बाबांनो ऐकलं सगळ्यांचं. उजव्या लेनला ६० नं जाऊ नका एवढंच माझं म्हणणं होतं, ते डबल_ब्रेक सायबांनी मान्य केलंय, विषय संपला. (१०० ला आपण जाणारच.)

डबल_ब्रेक

जावा की. फक्त मागं लेकरं असतील तेव्हा ते गणित आठवा.

शिकाऊ_०९

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः काकांचे, त्या उताराचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, दाजी तर तिथंच राहतात! ठरलं असं की रविवारी मामांना शेजारी बसवून कागलपर्यंत जाऊन येणार, पुण्याला जाताना साडेसातच्या आधी निघायचं नाही आणि ८० ला टुंग झालं की पाय सोडायचा. परत येताना मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघू, रात्रीचं नको. घरी लगेच "कशाला मुक्काम" सुरू झालंय पण ते मी बघते.

शेवटचा एक प्रश्न. आई मागं बसणार आहे आणि मागचा बेल्ट लावायला गेले तर बेल्ट वर लोंबतोय पण खाली जे खाचेत अडकवायचं असतं तेच सापडेना. पप्पा म्हणतात मागं लागतच नाही बेल्ट.

डबल_ब्रेक

लागतो, कायद्यानं पण लागतो. सप्टेंबर २०२२ मधे पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, पप्पांना ती बातमी आठवत असेल. मागच्या माणसानं बेल्ट लावला नसेल तर तो पुढच्या सीटवर येऊन आदळतो, म्हणजे पुढं बेल्ट लावून बसलेल्यालाही त्याचा मार बसतो.

तुमचं बकल सीट कव्हरच्या खाली गेलंय. कोल्हापुरात निम्म्या गाड्यांचं हेच असतं, कव्हर बसवणारा ते आत ढकलतो आणि वरनं कव्हर ताणून टाकतो. मागच्या सीटची बैठक आणि पाठ जिथं मिळते तिथं हात घालून चाचपा, सापडेल. कव्हरवाल्याकडं नेऊन तेवढ्या जागी कापून शिवून घ्या, फार वेळाचं काम नाही. तिथं गेलाच आहात तर पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅग असं लिहिलेली पट्टी आहे का तेही बघा. असेल तर त्या बाजूचं कव्हर उसवायला सांगा, नाहीतर साईडची एअरबॅग कव्हरच्या आतच अडकेल.

शिकाऊ_०९

सापडलं!! तिन्ही बकल आत होती, सोबत एक रुपयाची नाणी आणि माझं हरवलेलं कानातलं. उद्या कव्हरवाल्याकडं जाते.